एक रबरी बूच

माणसाने जन्मात एकदा तरी जुनी मोटार पाळावी, असा उपदेश मी कोणालाही करणार नाही. गाय पाळली तर दूध मिळते, कुत्रा पाळला तर निदान तो चोरावर भुंकतो. जुनी मोटार पाळली की तिच्या आजारांची नावे तेवढी पाठ होतात. आमच्या बदलापूरच्या घरी १९८८ सालापासून अशी एक मोटार आहे. जातीने प्रीमियर पद्मिनी, जन्म १९८३ चा, जन्मगाव कुर्ला. तिच्या काळ्यापिवळ्या बहिणींनी मुंबईकरांच्या काही पिढ्या वाहून नेल्या आणि त्यांतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमची मात्र अजून सेवेत आहे. रंगाने ती दुधी आहे. पण दूध नासल्यावर जसे दिसते त्या अर्थाने दुधी.

पूर्वी इथे घोडे बदलत असत म्हणून या गावाला बदलापूर म्हणतात, अशी आमच्याकडे समजूत आहे. खरे-खोटे देव जाणे. पण ज्या गावी घोडे बदलायचे, त्या गावी राहून आमच्या आप्पांनी आपला घोडा काही बदलला नाही. त्यांनी फक्त त्याचे आतडे बदलले. त्याचीच ही हकिगत आहे.

आप्पा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टूल-रूममध्ये होते. १९९९ साली निवृत्त झाले. आयुष्यभर ज्याने मायक्रोमीटरवर 'थाऊ' मोजले, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्याला घरात काहीही सरळ दिसत नाही. भिंतीवरचे कॅलेंडर, सौ.ने लाटलेली पोळी, माझी वागणूक, सगळे दोनचार थाऊंनी चुकलेलेच असते. बोलत मात्र ते कधी नाहीत. नुसते बघतात. मला लहानपणी वाटे, की इतर मुलांच्या वडिलांसारखे हे एकदा ओरडले असते तर बरे झाले असते.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात आली. घराचे जे झाले ते सगळ्या बदलापूरचे झाले. पण अंगणातली पद्मिनी स्टिअरिंगपर्यंत गाळात बसली होती. पाणी ओसरल्यावर लोक भांडीकुंडी धुऊ लागले, आप्पा इंजिन धुऊ लागले. सिलिंडरांना गंज धरला होता. बोअर मारल्यावाचून इलाज नव्हता. आणि बोअर मारायचाच, तर मग जरा मोठा का मारू नये, असा विचार सहासष्ट वर्षांच्या त्या गृहस्थाच्या मनात आला. कारखान्याने दिलेले ते इंजिन १०८९ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला ७५. आप्पांनी मोठे पिस्टन घातले, कॉम्प्रेशन वाढावे म्हणून हेडला फेस मारला, आणि एका मोडीतल्या गाडीचा दुतोंडी कार्ब्युरेटर बसवला. तो बसेना, म्हणून खाली अॅल्युमिनिअमची जाड प्लेट स्वतः घासून तयार केली. जुन्या काळी मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाटी धावत, त्यांच्या शर्यतींची वर्णने त्यांनी तरुणपणी वाचली होती. ती सगळी इतकी वर्षे पोटात ठेवली होती, हे आम्हांला तेव्हा कळले.

या कामात त्यांचे जोडीदार होते उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधले एक सिंधी मिस्त्री. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. फाळणीनंतर आईच्या कडेवर बसून ते कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, तेव्हा चार वर्षांचे होते. १९४९ च्या ८ ऑगस्टला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पण लोकांच्या तोंडी आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच हेच पत्ते आहेत. जे गाव लष्कराने सोडलेल्या बराकींतून उभे राहिले, तिथे टाकलेल्या वस्तूला नवा जीव देण्याची कला असणारच. पत्र्याच्या त्या गॅरेजात आप्पा आणि उस्ताद दिवसचे दिवस बसत. एकाला मराठी पुरेसे येत नसे, दुसऱ्याला बोलणेच पुरेसे येत नसे. त्यामुळे त्यांचे उत्तम जमले.

२००६ च्या पाडव्याला गाडी सुरू झाली, आणि खरोखर पळू लागली. पण तिला एक वाईट खोड होती. ती पोटातली हवा बाहेर सोडी.

इथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. फराळाचे ताट बाजूला ठेवण्याइतके ते अवघड नाही. पिस्टनवर स्फोट होतो, तेव्हा सगळाच वायू पिस्टनला ढकलत नाही. रिंगा कितीही चोख असोत, थोडा वायू त्यांच्या फटींतून निसटून खाली, जिथे क्रँक फिरतो आणि तेल असते, त्या पोटात उतरतो. मिस्त्री लोक याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. या वायूत न जळलेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते, आम्ले असतात. तो कोंडून राहिला तर तेल नासते, टॅपेट कव्हरच्या आत सायीसारखा पिवळट लगदा धरतो आणि पोटातला दाब वाढत जातो. म्हणून जुन्या गाड्यांच्या पोटाला एक नळी लावून ती खाली रस्त्याकडे सोडून देत. नळीचे टोक तिरपे कापलेले असे. गाडी धावू लागली की वाऱ्याच्या ओढीने आतला वायू बाहेर खेचला जाई. आप्पांनीही तशीच नळी सोडली होती. पण गाडी उभी राहिली की वारा नाही आणि ओढही नाही. उल्हासनगरच्या चौकात वाहने तुंबली, की आमच्या गाडीखालून निळसर धूर निघून तो खिडकीवाटे आत येई. जळक्या तेलाच्या वासाने सौ.च्या पैठणीला एकदा जो स्पर्श केला, तो तीन धुण्यांनीही गेला नाही.

दुरुस्त केलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, स्फोट जोराचा, म्हणून हा वायूही जास्त. आणि सोळा वर्षांत रिंगा झिजलेल्या. २०२२ च्या दिवाळीत तर गाडी चुलीसारखी धुमसू लागली. भाऊबीजेला ताईकडे उल्हासनगरला जायचे होते. सौ. म्हणाली, "मी रिक्षाने येते. तुम्ही दोघं बसा त्या धुपाटण्यात." चिरंजीव हसला. मला राग आला. कोणाचा, ते मला नीट सांगता येणार नाही. मी उठलो, मोरीतल्या जुन्या नळाचे रबरी बूच घेतले, गाडीखाली सरपटलो आणि त्या नळीच्या तोंडात गच्च ठोकून बसवले. वर तार आवळली. धूर बंद! माझ्या आयुष्यात इतक्या थोडक्या वेळात मी कोणताही प्रश्न सोडवला नव्हता.

अंबरनाथपर्यंत गाडी छान चालली. सौ.ने पदर नाकावरून काढला. आप्पा पुढे बसले होते. ते एकदोनदा कान देऊन काही ऐकत आहेत असे वाटले. मग उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन एकदम ओरडू लागले, आणि गाडी मात्र जागेवरून हलेना. क्लच घसरत होता. मागून भोंगे वाजू लागले. मी कशीबशी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले. डिपस्टिक आपल्या भोकातून वीतभर वर येऊन उभी होती आणि चहूकडे तेलाचे शिंतोडे उडाले होते. खाली पाहिले, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ठिबकत होते. कोंडलेल्या दाबाने मागचे ऑइल सील फुटून तेल क्लचवर गेले होते.

आप्पा हळूहळू उतरले. वाकले. नळी पाहिली. तार सोडून त्यांनी ते बूच काढले, तळहातावर ठेवून जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तोंड दाबलं, की माणूस दुसरीकडून बोलतो." बस्स. बूच त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात टाकले. ताईकडे आम्ही रिक्षाने गेलो. ओवाळताना ताईने विचारले, "आप्पा गप्प का?" मी म्हटले, "ते नेहमीच गप्प असतात." पण मला माहीत होते, की हे गप्प बसणे नेहमीचे नव्हते.

आता खोटे कशाला सांगू? त्या बुचामागे आणखी एक गोष्ट होती. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची २०२३ मध्ये येत होती आणि त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली होती. शिवाय पर्यावरण कर वेगळा. चिरंजीवाची इंजिनीअरिंगची फी भरायची होती. दिवाळीच्या आधी मी आप्पांना न सांगता उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडे गेलो होतो. त्याने एका चिठोऱ्यावर अठरा हजारांचा आकडा लिहून दिला होता. गाडी आप्पांच्या नावावर. सही त्यांचीच लागणार. बँकेचे, पेन्शनचे कागद मी त्यांच्यापुढे ठेवतो, ते चष्मा न लावता सह्या करतात. त्या गठ्ठ्यात आणखी एक कागद सरकवायचा, असे मी मनाशी ठरवले होते. हे लिहिताना आजही हात अडखळतो.

गाडी टोचन करून उस्तादांकडे नेली. मी मनात म्हटले, बरेच झाले, हिशेब मोठा निघाला की आप्पा आपणच नको म्हणतील. उस्तादांनी क्लच उतरवला, सील दाखवले आणि मला म्हणाले, "साईं, इंजिन म्हातारा नाही झाला. त्याचा दम कोंडला." मग दोघे म्हातारे स्टुलावर समोरासमोर बसले आणि नवीन श्वासनळीची योजना सुरू झाली. खर्च किती, हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आला नाही.

घरी येऊन मी जरा वाचन केले आणि थक्क झालो. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुके पसरू लागले, तेव्हा हागेन-स्मिट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास त्याचा माग काढला. त्याआधी हा गृहस्थ अननसाच्या स्वादाचे रसायन शोधत होता! त्याला आढळले, की मोटारींतून निघणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलाच्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते धुके बनते. पुढे लक्षात आले, की या वाफांचा सुमारे पाचवा हिस्सा मागच्या धुराड्यातून नव्हे, तर पोटाच्या त्या रस्त्याकडे सोडलेल्या नळीतून येतो. मग १९६१ पासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत नव्या मोटारींना ती नळी बाहेर न सोडता परत इंजिनाच्या तोंडाशी जोडू लागले. युक्ती तशी नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या लष्करी गाड्यांना ती लावत असत. मी हे सगळे मोठ्या उत्साहाने आप्पांना सांगितले. ते म्हणाले, "फॅक्टरीत जुन्या गाड्या यायच्या, तेव्हा पाहिलंय." त्या दिवसांतले त्यांचे माझ्याशी हे पहिले वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून मीही गॅरेजात जाऊ लागलो. स्पॅनर हातात देणे, बॅटरी धरणे, चहा सांगणे ही कामे माझ्याकडे आली. पन्नाशी उलटल्यावर मी वडिलांच्या हाताखाली प्रथमच शिकत होतो.

योजना अशी. पोटाला दोन वाटा हव्यात, एक ताजी हवा आत येण्याची आणि एक वायू बाहेर जाण्याची. आणि त्या दोन टोकांना हव्यात, म्हणजे वारा सगळे घर झाडून जाईल. ताजी हवा एअर फिल्टरमधून गाळून टॅपेट कव्हरमध्ये आणायची. वायू खालच्या बाजूने काढून कार्ब्युरेटरखाली सोडायचा, म्हणजे पेट्रोलाबरोबर तोही जळून जाईल. मधे एक डबा हवा, वायूबरोबर उडणारे तेल अडवायला. त्यासाठी आप्पांनी आईचा तुपाचा जुना स्टीलचा डबा काढला. आई जाऊन नऊ वर्षे झाली होती; त्या डब्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्यांनी स्वतः त्याला भोके पाडली, नळ्या बसवल्या आणि आत सौ.ची दिवाळीसाठी आणलेली तारेची कोरी घासणी कोंबली. सौ. काही बोलली नाही. डबा ओळखून ती आत गेली आणि दुसरी घासणी आणून देऊन म्हणाली, "आप्पा, एक पुरेल ना?"

या वाटेवर एक छोटीशी झडप लागते, आणि सगळी खुबी तिच्यात आहे. पाय उचललेला असतो तेव्हा कार्ब्युरेटरचे तोंड जवळजवळ मिटलेले असते, पण पिस्टन हवा ओढतच असतात. म्हणून त्या वेळी ओढ फार. नळी मोकळी ठेवली तर इंजिन वाटेल तेवढी हवा गिळून बंद पडेल. अशा वेळी झडपेतली सोंगटी ओढली जाऊन वाट अरुंद करते. गाडी जोरात जाऊ लागली की ओढ कमी होते, स्प्रिंग सोंगटीला मागे लोटते आणि वाट रुंद होते. नेमका तेव्हाच पोटात वायूही जास्त असतो. चढावर जेवढा वायू झडपेला झेपत नाही, तेवढा ताज्या हवेच्या नळीतून उलटा फिल्टरकडे जातो आणि तिथूनही इंजिनाच्याच तोंडी पडतो. उलटा भडका उडाला तर सोंगटी मागे आपटून वाट बंद करते, म्हणजे आग पोटात जात नाही. बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत एवढा समंजसपणा!

पण समंजस वस्तूही योग्य जागी बसवावी लागते. उस्तादांनी प्रथम हाताशी आली म्हणून चौथ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेतच नळी जोडली. दोन दिवसांत चौथा प्लग काजळासारखा काळा आणि तेलकट. सगळ्या घराचे उष्टे एकट्यानेच खायचे, म्हटल्यावर दुसरे काय होणार? आप्पांनी ते भोक स्क्रू घालून बंद केले आणि स्वतः घासलेल्या त्या जाड प्लेटलाच, जिथे चौघांची वाट एकत्र असते, तिथे नवे भोक पाडले. मग झडप चुकली. ती एका मोठ्या इंजिनाच्या गाडीची होती. स्लोवर हवा जास्त येई आणि इंजिन थरथरे. भंगारातून छोट्या इंजिनाची झडप आणली, कार्ब्युरेटरचा स्क्रू पुन्हा फिरवला आणि रिंगा नव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात इंजिन स्लोवर असे चालू लागले, की टपावर ठेवलेल्या ग्लासातला चहा हलेना.

आता परीक्षा उरली. आप्पांनी तेल ओतायचे झाकण काढले, ताज्या हवेची नळी चिमटीत धरली आणि हात पुढे करून मला म्हणाले, "पातळ कागद दे." वायू कोंडत असेल तर तोंडावर ठेवलेला कागद उडतो, नळ्या बरोबर चालत असतील तर तो आत ओढला जाऊन चिकटतो. मी खिसा चाचपला. हाती आला तो चिठोरा त्यांना दिला. आणि दिल्यावर कळले, की तो कोणता चिठोरा आहे.

परत मागायला तोंड उघडेना. आप्पांनी तो भोकावर ठेवला. कागद क्षणभर फडफडला आणि अलगद खाली बसून चिकटला. आकडा वरच्या बाजूला होता. भंगारवाल्याचे अक्षर मोठे ठळक. आप्पांनी चष्मा लावला. वाचला. इंजिन शांतपणे चालू होते. उस्ताद पाना पुसत दुसरीकडे बघू लागले. त्यांना सगळे आधीपासून ठाऊक असावे. कॅम्पात भंगाराची बातमी कधी लपत नाही.

"कागद चांगला आहे," आप्पा म्हणाले. "अठरा कमी सांगितले त्याने. नुसत्या तांब्या-पितळेचे निघतील."

मी म्हटले, "आप्पा, मी तुमची सही न सांगता घेणार होतो."

हे वाक्य मी कसे बोललो, मला माहीत नाही. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. मग, मी जन्मात ऐकले नव्हते एवढे ते बोलले. पोराच्या फीची काळजी त्यांनाही होती. पेन्शनमधून त्यांनी काही बाजूला ठेवले होते, पण मी विचारीन म्हणून वाट पाहत राहिले. गाडीचा खर्च मला जड जातो हे दिसत होते. पण आपण नको म्हटले तर आपल्याला आता कोणी विचारणारच नाही, अशी धास्ती वाटे. पुरानंतर त्या इंजिनात हात घातला नसता तर रिकामपणाने मेलो असतो, असेही ते म्हणाले. मध्येच थोडे ओरडलेसुद्धा. मला लहानपणापासून हवे होते तसे.

घरी परतताना मनात आले, की आमच्या घराने तीनही पद्धती करून पाहिल्या. रस्त्याकडे सोडलेली नळी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे घरच्यांच्या तक्रारी सांगत बसणे. ते मी केले आहे. बूच म्हणजे आप्पांची पद्धत, आणि वेळ आली तेव्हा तीच मी नकळत उचलली. तिसरी पद्धत अवघड, कारण जे निसटले, नासले, ते आपल्याच चुलीत थोडे थोडे घालून जाळायचे असते, आणि किती वाट उघडायची हे वेळ पाहून ठरवायचे असते. एकट्यावर सगळे लोटून तर मुळीच चालत नाही.

२०२३ ची नोंदणी झाली. पैसे आम्ही निम्मे-निम्मे भरले. आप्पा आता गाडी चालवत नाहीत. शेजारी बसतात आणि माझा गिअर दोन थाऊंनी चुकला, की आता तसे बोलून दाखवतात. अधूनमधून आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत जातो. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले ते देऊळ पाहिले, की आप्पा म्हणतात, "यांना मायक्रोमीटर नव्हता, तरी बघ सांधे." येताना महिन्याकाठी एकदा मी आईचा डबा सोडवून त्यात साठलेले चमचाभर तेल ओतून टाकतो.

ते रबरी बूच अजून आहे. परवा दिवाळीची साफसफाई करताना ते आप्पांच्या टेबलाच्या खणात, मायक्रोमीटरच्या पेटीशेजारी सापडले. सौ. म्हणाली, "फेकू का हे?" मी म्हटले, "आप्पांना विचार."

आप्पा म्हणाले, "मोरीच्या नळाला लाव. तिथलंच आहे ते."